न संपणाऱ्या युद्धांच्या कथा

मोठ्या टेबलावर टेकड्या, नदी आणि पडकी घरे मांडायची, बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक दोन्ही बाजूंना उभे करायचे, मोजपट्टीने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचे आणि कोण पडले, कोण उरले हे फासे टाकून ठरवायचे, अशा खेळाला इंग्रजीत वॉरगेम म्हणतात. आपण त्याला युद्धखेळ म्हणू. या खेळांसाठी रचलेल्या अद्भुत किंवा भविष्यकालीन विश्वांत घडणाऱ्या कथा-कादंबऱ्यांची एक मोठी शाखा गेल्या चार दशकांत इंग्रजीत वाढली आहे. वाङ्मयसमीक्षेने मात्र तिच्याकडे सहसा पाठच फिरवली. आक्षेप दोन आहेत. या कथा खेळण्यांची जाहिरात करतात, हा पहिला. आणि त्यांतील विश्व लेखकाचे नसून कंपनीच्या मालकीचे असते, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. तरीही या शाखेला जवळजवळ दोनशे वर्षांची पूर्वपीठिका आहे आणि तिच्या मुळाशी कथनकलेचा एक खराखुरा पेच आहे. खेळाला युद्ध संपून चालत नाही. कथेला मात्र शेवट लागतो. हा पेच कोणी कसा सोडवला, या दृष्टीने या कथांचा इतिहास पाहावा आणि त्यांचे परीक्षणही त्याच कसोटीवर करावे, असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ यॉर्कशरमधील हॉवर्थ गावच्या एका पाद्र्याच्या घरी होतो. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्रॉन्टे यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, बारा लाकडी शिपाई आणले. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना पुढचे सांगायला नकोच. चारही भावंडांनी एकेक शिपाई आपला म्हणून उचलला. दहा वर्षांच्या शार्लटचा शिपाई झाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा नेपोलियन. शिपायांना नावे मिळाली, नावांना स्वभाव मिळाले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांची वसाहत उभी राहिली आणि तिची राजधानी ‘ग्लास टाउन’ नावारूपाला आली. मग या शिपायांना वाचता येतील अशा बेताची, काडेपेटीएवढी हस्तलिखित मासिके निघू लागली. त्यांत कथा होत्या, कविता होत्या, जाहिराती होत्या आणि काल्पनिक ग्रंथांची परीक्षणेही होती. म्हणजे युद्धखेळाच्या विश्वातली कथा आणि तिचे परीक्षण ही दोन्ही एकाच घरात जन्मली. यांतलेच एक मासिक ब्रॉन्टे सोसायटीने नोव्हेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना विकत घेतले.

या खेळात एक अडचण लवकरच उद्भवली. शिपाई अवघे बारा आणि लढाया अनेक. मेलेल्यांना बाजूला ठेवले तर खेळ आटोपला. म्हणून मुलांनी स्वतःला त्या जगाचे चार महाजिन्न ठरवले आणि मृतांना पुन्हा जिवंत करण्याची शक्ती स्वतःकडे घेतली. मारिया आणि एलिझाबेथ या त्यांच्या दोन थोरल्या बहिणी आदल्याच वर्षी, १८२५ मध्ये, वारल्या होत्या. आई त्याही आधी, १८२१ मध्ये गेली होती. या मुलांना मरण म्हणजे काय ते कळत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नियमाकडे केवळ बालिश सोय म्हणून पाहता येत नाही. पुढे ग्लास टाउनमधून अँग्रियाचे राज्य निघाले आणि शार्लट वयाच्या विशीपर्यंत त्यात रमली. १८३९ च्या सुमारास मात्र तिने अँग्रियाचा निरोप घेणारे एक टिपण लिहिले. त्या दाहक, झगझगीत प्रदेशातून थोडे बाहेर पडून मंद उजेडाच्या प्रदेशात जावे, असे तिला वाटू लागले होते. ‘जेन एअर’ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कादंबरीत बोर्डिंग शाळेतली हेलन बर्न्स मरते आणि तिला परत आणणारा कोणी जिन्न तेथे नाही. लेखिका प्रौढ झाली ती या वाटेने.

खेळ म्हणून युद्धखेळाची परंपरा निराळ्या ठिकाणाहून, प्रशियाच्या सैन्यातून, येते. राइसविट्झ पिता-पुत्रांपैकी वडिलांनी आपला युद्धखेळ १८१२ मध्ये राजापुढे मांडला. मुलाने त्याला नकाशे, फासे आणि पंच यांची जोड देऊन १८२४ मध्ये तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सिद्ध केला. त्यात कथेला वाव नव्हता. तो वाव दिला एच. जी. वेल्सने. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या छोट्या पुस्तकात त्याने शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा घेऊन खेळायचे नियम दिले. त्यातच एका खेळलेल्या लढाईचे वर्णन येते आणि मध्येच शाईने बोटे माखलेला लेखक नाहीसा होऊन त्याच्या जागी एक बढाईखोर सेनापती बोलू लागतो. लढाई तीच, पण आता ती कोणाची तरी आठवण झाली. पुस्तकाच्या शेवटी वेल्स बजावतो की, टेबलावरची लढाई खेळून पाहिलेल्या माणसाला खरे युद्ध केवढी अजस्र चूक आहे हे उमगावे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

वेल्सपासून रूढ झालेला हा ‘लढाईचा वृत्तांत’ युद्धखेळाच्या नियतकालिकांत आजही छापला जातो. खेळ आणि कथा यांच्या मधल्या पायरीवर तो उभा आहे. कोणत्या तुकडीने टेकडी घेतली, किती गडी बाद झाले, कोण जिंकले, हे सर्व त्यात असते. पण बाद झालेला गडी कोण होता, हे नसते. ते सांगण्याची गरज जिथे भासली, तिथे कथा सुरू झाली.

अद्भुताचा प्रवेश झाला तो अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळाला १९७१ मध्ये जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडलेली होती. त्याच वाटेने पुढे जाऊन गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. आता खेळाडू सैन्य चालवीत नव्हता. तो एकच पात्र जगत होता. १९७८ मध्ये विज्ञानकथा लेखिका आंद्रे नॉर्टन यांची ‘क्वॅग कीप’ ही या खेळाच्या विश्वातली कादंबरी आली. तिच्यातले खेळाडू खेळाच्या जगात ओढले जातात आणि त्यांच्या मनगटांवरच्या कड्यांत बसवलेले फासे त्यांचे भवितव्य ठरवू लागतात. कादंबरी साधारण असली, तरी फाशाची ती जाणीव मार्मिक आहे.

या शाखेचे खरे संवर्धन मात्र इंग्लंडमध्ये झाले. गेम्स वर्कशॉप या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये त्याचा दूर भविष्यात घडणारा भाऊबंद ‘वॉरहॅमर ४०,०००’ बाजारात आणला. १९८९ पासून कंपनीने कथासंग्रह काढायला सुरुवात केली आणि संपादनासाठी ‘इंटरझोन’ या प्रतिष्ठित विज्ञानकथा-मासिकाचे संपादक डेव्हिड प्रिंगल यांना बोलावले. या एका निवडीने चित्र बदलले. किम न्यूमनने जॅक येओव्हिल या नावाने आणि ब्रायन स्टेबलफर्डने ब्रायन क्रेग या नावाने लिहिले; इयन वॉटसनने स्वतःच्या नावाने लिहिले; पुढे नेब्युला पुरस्कार मिळवणाऱ्या निकोला ग्रिफिथचीही कथा पहिल्या संग्रहात आहे. त्या संग्रहाचे नाव ‘इग्नरंट आर्मीज’. मॅथ्यू अर्नल्डच्या एका विख्यात कवितेतून उचललेले हे नाव खेळण्यांच्या दुकानातल्या पुस्तकावर झळकले, यात संपादकाची महत्त्वाकांक्षा दिसते.

याच संग्रहात विल्यम किंगची ‘गेहाइमनिसनाख्ट’ ही कथा आहे. गॉट्रेक नावाचा एक बुटका योद्धा आणि फेलिक्स नावाचा तरुण कवी एका अशुभ रात्री अरण्यातल्या वाटेवर आहेत. गॉट्रेकने काही अपराधाच्या प्रायश्चित्तासाठी वीरमरण शोधण्याची शपथ घेतली आहे. फेलिक्सने ते मरण पाहून त्यावर काव्य रचण्याची. दोघे एका क्रूर बलिविधीवर जाऊन कोसळतात, आणि गॉट्रेक जगतो. प्रत्येक विजय म्हणजे त्याचे अपयश आणि प्रत्येक सुटका म्हणजे कवीचे लांबलेले काव्य. खेळाला नको असलेला शेवट हाच येथे नायकाचा ध्यास झाला आहे. नियमपुस्तकाने घातलेली अट लेखकाने पात्राच्या स्वभावात मुरवली, म्हणून ही कथा बाहेरच्या वाचकालाही कळते आणि रुचते. पुढे या जोडीच्या कथांची मालिका झाली, मालिकेतून कादंबऱ्या निघाल्या, लेखक बदलले. आता त्याच युक्तीची पकड सैल झाली, कारण जो मरणार नाही हे वाचकाला ठाऊक आहे त्याचा मृत्युशोध पंधराव्या वेळी केवळ सवय म्हणून उरतो.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्फर्नो!’ या कथा-नियतकालिकातून डॅन ॲबनेट पुढे आला. त्याने महावीर सोडून साधे पायदळ निवडले. त्याची टॅनिथची पलटण ज्या ग्रहावरची, तो ग्रहच नष्ट झालेला आहे; परतायला घर नाही. २००० सालच्या ‘घोस्टमेकर’मध्ये त्याने एकेका शिपायावर एकेक कथा गुंफली. तीतली लार्किन या नेमबाजाची कथा नमुन्यादाखल घेण्याजोगी आहे. मनाने कच्चा असलेला हा माणूस लढाईतून पळून एका पडक्या इमारतीत लपतो आणि तिथे एका देवदूताशी बोलू लागतो. देवदूत खरा की त्याच्या आजारी मनाचा खेळ, याचा निवाडा लेखक घाईने करीत नाही. अखेरीस लार्किन बंदूक उचलतो आणि नेम साधतो. त्या गोळीने युद्ध संपत नाही. एका माणसाचे पळणे तेवढे संपते. कथेला तेवढा शेवट पुरतो.

लघुकथा या शाखेत कादंबरीहून सरस ठरते, ती यामुळे. कादंबरीला राज्ये उलथायची असतात आणि ती मुभा लेखकाला नसते. विश्वाची मालकी ज्याची, शेवटाचा अधिकारही त्याचाच. गेम्स वर्कशॉपने तो बजावूनही दाखवला. २०१५ मध्ये जुन्या वॉरहॅमरचे जग प्रलयात बुडवून त्याच्या जागी नवा खेळ आणला. त्याच वर्षीच्या कादंबरीत गॉट्रेकची कथाही शेवटाला नेली. पण २०१८ मध्ये तो नव्या विश्वात परतला आणि जानेवारी २०२४ मध्ये जुने जगही नव्या खेळाच्या रूपाने पुन्हा विक्रीस आले. हॉवर्थच्या जिन्नांनी मृतांना उठवले त्यामागे दुःख होते. येथे हिशेब आहे.

आपल्या परंपरेतले उदाहरण येथे उपयोगी पडावे. महाभारतातही सैन्याची मोजदाद आहे. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पदाती. अशा अठरा अक्षौहिणी कुरुक्षेत्रावर उभ्या राहतात. व्यूह रचले जातात, मोडले जातात. युद्धखेळाच्या खेळाडूला हे सर्व ओळखीचे वाटेल. परंतु अठरा दिवसांनी युद्ध संपते आणि पुढे स्त्रीपर्व येते. गांधारी रणभूमीवर उतरते आणि मोजलेल्या आकड्यांना पुन्हा नावे मिळतात. ते विश्व कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणून इरावती कर्वे यांना ‘युगान्त’ लिहिता आले. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या लढाईतली एक गोळी विश्वासरावांना चुकवून जाते आणि इतिहास निराळी वाट धरतो. फासा निराळा पडला असता तर काय, हाच युद्धखेळाचाही मूळ प्रश्न. युद्धखेळाच्या विश्वात मात्र स्त्रीपर्वाला जागा ठेवलेली नसते. चांगला लेखक ती एखाद्या लहान कथेत चोरून मिळवतो.

आज या कथांची जी परीक्षणे होतात, ती बहुधा दोन टोकांची असतात. खेळाचे भक्त पलटणीचा रंग आणि बंदुकीची जात बरोबर आहे का, हे तपासतात. बाहेरचे समीक्षक मुखपृष्ठ पाहून पुस्तक मिटतात. दोघेही कथा वाचीत नाहीत. परीक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात. नियमपुस्तक न वाचलेल्या माणसाला ही कथा उभी दिसते का? टेबलावर जो केवळ बाद झालेला गडी होता, त्याला येथे नाव, भीती आणि मरण मिळाले का, आणि शत्रूच्या गड्यालाही ते मिळाले का? आणि युद्ध चालूच राहणार असताना या पानांत नेमके काय संपले? या कसोटीवर शेकड्यांनी कथा गळून पडतील. मराठीतल्या अद्भुत आणि ऐतिहासिक कथांचे ढीगही याच चाळणीतून गेले तर फार वेगळे प्रमाण निघेल असे नाही. पण ‘गेहाइमनिसनाख्ट’ उरेल, लार्किनची कथा उरेल, आणि आणखीही काही उरतील. त्या कोणत्या, हे शोधायचे तर संग्रह उघडून एकेक कथा वाचावी लागेल. परीक्षकाचे काम तेवढे आहे आणि या शाखेत ते बरेचसे अजून व्हायचे आहे.