शहापूर-मुरबाडकडील शालेय गणित व त्याची पारख

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरें गांवावरून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथ्यावर, जुन्नरच्या बाजूस, सातवाहन राणी नागनिका हिच्या काळचा, इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा, प्राकृत लेख कोरलेला आहे. त्यांत यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई व कार्षापण अंकांनीं मांडले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ते अंक लावले. त्यांत शून्य नाहीं व स्थानमूल्यहि नाहीं. हजाराच्या खुणेस चाराची खूण जोडून चार हजार लिहिलेले आहेत. ह्या परिसरांतील अंकलेखनाचा हा फार जुना पुरावा होय, आणि तो राजघराण्याच्या दानाचा हिशेब आहे. घाटाखालच्या शेतकऱ्याच्या व मजुराच्या मुलास हिशेब कोणता व कितपत शिकविला, आणि तो त्यास आला हें कसें ठरविलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पंतोजींच्या शाळेंतील गणित म्हणजे मुख्यतः उजळणी. धूळपाटीवर अंक गिरवावयाचे, आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी मुखोद्गत करावयाची. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. हें घोकणें निरर्थक नव्हतें. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मणाचे चाळीस शेर व खंडीचे वीस मण, अशा व्यवहारांत पाव, अर्धा व पाऊण हे अपूर्णांक पावलोपावलीं भेटत. परीक्षा तोंडी असे व उत्तर तत्काळ द्यावें लागे. उत्तर बरोबर किंवा चूक, एवढाच निकाल; मधली श्रेणी नव्हती.

इंग्रजी अमलांत १८२० नंतरच्या दशकांत जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या पुढाकारानें मराठींत गणिताचीं छापील पुस्तकें निघालीं. १८५५ मध्यें विद्याखातें स्थापन झालें, आणि पुढें इयत्तावार पाठ्यक्रम रूढ झाला. त्याचें शिखर म्हणजे मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा. त्रैराशिक, व्याज, नफा-तोटा हीं प्रकरणें तिच्या उमेदवारास चुकत नसत. ती उतरलेल्यास शिक्षकाची वा तलाठ्याची नोकरी मिळण्याची आशा असे. परंतु जंगलपट्टींतील ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी ह्यांच्या मुलांपैकीं तेथवर पोंचणारीं विरळा. त्यांच्या घरचा हिशेब दुसऱ्याच्याच वहींत राही. १९३८-३९ मध्यें सरकारच्या सांगण्यावरून सिमिंग्टन ह्यांनीं वन्य व डोंगरी जमातींविषयीं जो अहवाल तयार केला, त्यांत ठाणें जिल्ह्यांतील लग्नगड्यांची स्थिति नमूद आहे. लग्नापुरतें घेतलेलें कर्ज, आणि त्यापोटीं वर्षानुवर्षें राबणूक! असें कर्ज फिटलें किंवा नाहीं हें वही ठेवणाराच सांगे.

स्वातंत्र्यानंतर मापेंच बदललीं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं; पाठोपाठ किलोग्रॅम व मीटर आले. औटकीचें व्यावहारिक प्रयोजन उरलें नाहीं. १९६२ मध्यें शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या, १९६७ मध्यें पाठ्यपुस्तक मंडळ निघालें, आणि गणिताचा विस्तार वाढला. २०१६ ते २०१८ ह्या वर्षांत निघालेलीं सहावी ते आठवीचीं पुस्तकें आम्हीं चाळलीं. सहावींत ऋण संख्या व शेकडेवारी, सातवींत सरळव्याज, परिमेय संख्या व पायथागोरसचा सिद्धांत, आठवींत चक्रवाढव्याज व बैजिक राशींचे अवयव, असा क्रम आहे.

पारखहि बदलली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यास अनुसरून २०१० मध्यें महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालें. तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय इत्यादींवरून आकारिक, आणि सत्राच्या शेवटीं संकलित, असे त्याचे दोन भाग. सहावीस दोहोंचा भार निम्मानिम. सातवी-आठवीस आकारिक ४० व संकलित ६०. निकाल अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणींत लागे. नापास करून वर्गांत ठेवणें बंद झालें. पुढें केंद्राच्या कायद्यांत २०१९ मध्यें दुरुस्ती झाली, व तिला अनुसरून राज्यानें २०२३ मध्यें पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तींतहि न उतरल्यास त्याच वर्गांत बसविणें, असे नियम केले.

ह्या पद्धतीचा हेतु आम्ही चांगलाच समजतों. पण शहापूर-मुरबाडचें पंचांग निराळें आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडीं परततात. दुसऱ्या सत्राचें मूल्यमापन एप्रिलांत येतें, त्या वेळीं बरोबर गेलेलें मूल भट्टीवर असतें. त्याची खालची श्रेणी बुद्धीची कीं गैरहजेरीची, हें प्रगतिपुस्तक सांगत नाहीं.

भट्टीवरचा हिशेब तरी काय असतो? उदाहरणादाखल कल्पित आंकडे घेऊं. उचल ८,००० रुपये, हजार विटांस ६०० रुपये दर, विटा ३०,०००, आणि वीस आठवडे दर आठवड्यास ५०० रुपये खर्ची. मजुरी १८,०००, खर्ची १०,००० व उचल ८,०००, शिल्लक शून्य. आतां मालकानें फुटतुटीचे शेंकडा दहा कापून विटा २७,००० धरल्या, तर मजुरी १६,२०० होते व शिल्लक उणे १,८००. हेंच पुढील वर्षाचें कर्ज. ह्यांत गुणाकार, शेकडेवारी व ऋण संख्या एवढेंच गणित लागतें. तें सहावीच्या पुस्तकांत आहे. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली खरी, पण वहींतील उण्याची खूण जो वाचूं शकत नाहीं, त्याच्या हातीं तो कायदा अपुरा पडतो.

ह्यावरून आमचें मत असें कीं, ह्या दोन तालुक्यांत गणिताची श्रेणी देतांना मुलाचें मोसमी स्थलांतर ध्यानांत घेतलें पाहिजे, आणि बापाच्या उचलीचा हिशेब त्यास तपासतां येतो किंवा नाहीं, हा एक प्रश्न तोंडी कामांत अवश्य असावा. नाणेघाटांतील अंक लावावयास पंडित लागला. भट्टीवरच्या वहींतील अंक आठवीच्या मुलास लावतां आले, म्हणजे शाळेचें काम झालें असें आम्ही म्हणूं.