उपासाच्या ताटातली नावं

आषाढी एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. बाजूला वरईचे तांदूळ, त्यावर दाण्याची आमटी. रताळ्याचे गोड काप, राजगिऱ्याचा लाडू, काकडीची कोशिंबीर, पपईच्या फोडी. इतकं घरचं, इतकं सोवळ्यातलं ताट दुसरं नाही. आणि यातली वरई, काकडी, जिरं, दही-तूप बाजूला ठेवलं, तर बाकीचे मुख्य जिन्नस सगळे मूळचे अमेरिका खंडातले आहेत. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. ‘ज्ञानेश्वरी’ सांगून झाली ती त्याच्या दोनशे वर्षं आधी, १२९० साली. तेव्हाही वारी होती, एकादशी होती. पण त्या एकादशीला खिचडी नव्हती, दाण्याचं कूट नव्हतं, तोंडी लावायला मिरचीसुद्धा नव्हती.

फराळ हा शब्द ‘फलाहारा’तून आला. उपासाला धान्य सोडायचं. फळं, कंद, दूध चालतं, असा साधा नियम. समुद्रापलीकडून आलेल्या या वस्तूंना धान्य म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. वर्ज्य पदार्थांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून त्या विनाअडथळा आत आल्या, असं मला वाटतं. सगळीकडे असं घडलं नाही. पुरीला जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, मिरची आजही चालत नाही. आपल्याकडे मात्र ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशा कडक व्रताला, अळू, माठ, सुरण यांच्या जोडीनं मक्याचं कणीस आणि लाल भोपळा भाजीत पडतो. मका मेक्सिकोकडचा, लाल भोपळाही अमेरिकेचाच.

वस्तू आल्या, पण त्यांची नावं कुठून आली? इथं खरी गंमत आहे. काही वस्तू आपलं नाव बरोबर घेऊन आल्या. काहींना इथल्या माणसांनी इथलंच नाव दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की वस्तू परकी होती हेच विसरलं गेलं.

बटाट्यापासून सुरुवात करू. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक ‘बटाटा’ म्हणत ते रताळ्याला. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव ‘पापा’. युरोपात दोन्ही कंद पोचले, नावांची सरमिसळ झाली आणि पोर्तुगीजांनी रताळ्याचं नाव अँडीजच्या कंदाला लावलं. तेच आपल्या किनाऱ्यावर उतरलं. मग रताळ्याचं काय झालं? रताळं हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’पासून आलेला. रक्तालु म्हणजे तांबडा-जांभळा कंद, आपलं कोनफळ. गुजरातीत आजही उंधियूत पडणारं ‘रताळू’ म्हणजे कोनफळच, आणि आपल्या रताळ्याला तिथं ‘शक्करिया’ म्हणतात. मराठीत नव्यानं आलेल्या गोड कंदानं जुन्या कंदाचं नाव घेतलं आणि जुन्या कंदाला दुसरं नाव पत्करावं लागलं. एका कंदानं आपलं नाव बटाट्याला दिलं आणि स्वतः कोनफळाचं नाव घेऊन बसला. शब्दांच्या इतिहासात याहून देखणी अदलाबदल मला माहीत नाही.

त्यातही महाराष्ट्र एकजिनसी नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात बटाटा, पण विदर्भात गेलात की भाजीवाल्याकडे ‘आलू’ मिळतात. ‘आलु’ हा संस्कृतातला कंदवाचक जुना शब्द. उत्तरेनं तो या नव्या कंदाला दिला आणि विदर्भानं तो उत्तरेकडून घेतला. पेरूचंही तसंच: विदर्भात त्याला ‘जाम’ म्हणतात. समुद्रावरून आलेला शब्द किनाऱ्यापासून किती आत शिरला आणि कुठं उत्तरेकडून आलेल्या शब्दाशी त्याची गाठ पडली, हे नकाशावर दाखवायचं असेल तर बटाटा आणि आलू यांच्यामधली सीमा शोधावी.

मिरचीला मात्र कुठलंही परकं नाव चिकटलं नाही. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी. तिखटपणासाठी हजारो वर्षं मिरी वापरणाऱ्या लोकांना दुसरी तिखट वस्तू मिळाली, तेव्हा त्यांनी तिला मिरीच्या घराण्यातलंच नाव दिलं. मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेतला ‘चिली’ हा शब्द इंग्रजीत गेला, मराठीला त्याची गरज पडली नाही. म्हणून ठेचा-भाकरीइतकं मराठी काही नाही, असं वाटतं तेव्हा त्यात मिरचीच्या नावाचा मोठा वाटा असतो.

काजू आणि अननस हे दोन्ही शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतले. ‘आकाजू’चं पोर्तुगीजांनी ‘काजू’ केलं, ‘नानास’चं ‘अननास’. ब्राझीलमधल्या आदिवासींचे शब्द सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारात कसे पोचले, याचं उत्तर समुद्रमार्गात आहे. पेद्रू आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०० साली एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. पुढं १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि ही वाट कायमची वाहती झाली. अननसाला तर उत्तरेत पोचायलाही वेळ लागला नाही. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं आणि आता आग्र्याच्या बागेतही पिकतं. नाव त्यानंही अननस असंच दिलं आहे.

साबुदाण्याची कथा सगळ्यांत गुंतागुंतीची आहे. ‘सागू’ हा मलय भाषेतला शब्द. आग्नेय आशियाच्या बेटांवर एक ताड वाढतो, त्याच्या खोडातल्या गराचं पीठ म्हणजे सागू. त्या पिठाचे गोल दाणे करून ते जहाजांनी बाहेर जात. त्याला फारसी ‘दाना’ जोडला गेला आणि साबुदाणा झाला. तमिळमध्ये त्याचं नाव ‘जव्वरिसी’, म्हणजे जावा बेटाकडचा तांदूळ. पण आज आपण भिजत घालतो तो साबुदाणा ताडाचा नाहीच. तो कसाव्याचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका झुडपाच्या कंदाचा. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या राजांनी या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिलं आणि केरळात तो गरिबांचं अन्न झाला. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडला, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमच्या उद्योजकांनी कसाव्याच्या पिठाचे दाणे पाडायला सुरुवात केली. आजही देशातल्या साबुदाण्याचं सर्वांत मोठं केंद्र सेलमच आहे. म्हणजे शब्द अर्धा मलय, अर्धा फारसी, कंद दक्षिण अमेरिकेचा, कारखाना तमिळ, आणि उपास आपला. दाणा बदलला तरी नाव तेच राहिलं, म्हणून हा सगळा बदल कुणाच्या ध्यानातही आला नाही.

भुईमुगाच्या बाबतीत सगळ्या भारतानं आपापली समजूत नावात नोंदवून ठेवली आहे. मराठीनं पाहिलं की हे मुगासारखं काहीतरी भुईत वाढतंय, म्हणून भुईमूग. तेलुगूनं मुळाशी लागणारा हरभरा म्हणून ‘वेरुशनग’ म्हटलं. बंगालीत तो ‘चिनाबादाम’, चीनचा बदाम. तमिळमध्ये त्याला ‘मणिला कोट्टै’ असंही म्हणतात, कारण फिलिपाइन्सचं मनिला बंदर त्या वाटेवर होतं. यातल्या एकाही नावात दक्षिण अमेरिका नाही, जिथला तो मूळचा. नाव आपल्याला वस्तूचं जन्मस्थान सांगतं अशी आपली समजूत असते. ते बहुतेक वेळा सांगतं ते एवढंच, की ती शेवटी कुणाच्या हातून आपल्याला मिळाली, किंवा तिला पाहून आपल्याला आपल्याकडचं काय आठवलं.

राजगिऱ्याविषयी थोडं थांबून लिहायला हवं. माठ, तांदुळजा या त्याच्या पालेभाज्या-बहिणी इथल्या जुन्या. दाण्यासाठी पेरला जाणारा राजगिरा मात्र अमेरिकेतून आला, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मेक्सिकोत अझ्टेक लोक या दाण्याचं पीठ मधासारख्या गोड पाकात मळून त्याच्या देवमूर्ती घडवत आणि सणाला त्या मूर्तींचे तुकडे प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली त्यांची राजधानी जिंकली, आणि पाद्र्यांना या प्रसादात आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली. तो विधी त्यांनी मोडून काढला, त्या पिकावरही संक्रांत आली. तरी ते पीक टिकलं. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळाच्या पाकात घालून वड्या विकतात, ‘आलेग्रिया’ म्हणजे आनंद या नावानं. आपली राजगिऱ्याची चिक्की आणि ती वडी शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाहीत. एकाच दाण्याला दोन खंडांत, एकमेकांना न विचारता, देवाजवळची जागा मिळाली ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

सीताफळाच्या नावानं तर मोठमोठ्यांना चकवलं. अलेक्झांडर कनिंगहॅम हा एकोणिसाव्या शतकातला मातब्बर पुरातत्त्वज्ञ. भारहुतच्या स्तूपावर कोरलेलं एक फळ सीताफळच आहे आणि म्हणून ते इथलंच, असं त्याचं मत होतं. सीता आणि राम ही नावं, डोंगरकपारीत रानोमाळ वाढणारी झाडं, यांमुळे पुष्कळांना ते पटलं. वनस्पतिशास्त्रज्ञांचा कौल मात्र अमेरिकेकडेच आहे. या झाडाच्या कुळातली बहुतेक भावंडं तिकडची. बंगालीनं या फळांची परकी नावं राखली: सीताफळाला तिथं ‘आता’ आणि रामफळाला ‘नोना’ म्हणतात. आपण त्यांना रामायणात नेऊन बसवलं. बालाघाटच्या डोंगरात ते इतकं रुजलं की बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

याच्या नेमकं उलट हापूसचं. आंबा अस्सल इथला, वेदकाळापासून गौरवलेला. पण कलम बांधून एकाच गुणाची झाडं वाढवण्याचं काम गोव्यात पोर्तुगीजांनी मनावर घेतलं आणि त्या कलमांना त्यांची नावं पडली. अफोन्सु द अल्बुकर्क या गोवा जिंकणाऱ्या सेनापतीवरून ‘आपूस’, मग ‘हापूस’, असं मानलं जातं. गोव्याचा लाडका मानकुराद ‘मालकोरादो’वरून, म्हणजे रंगानं फिका, आला. परक्या फळाला सीतेचं नाव आणि आपल्या फळाला गोवा जिंकणाऱ्याचं. कोकणातला एखादा शेतकरी हापूसला ‘आमचा’ म्हणतो तेव्हा तो पूर्णपणे बरोबर असतो, आणि बीडचा शेतकरी सीताफळाला ‘आमचं’ म्हणतो तेव्हा तोही.

हे शब्द शोधण्याचं काम ज्यानं आयुष्यभर केलं त्याचं नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवं. सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो, जन्म १८५५, गोव्यातलं आसगाव. हा धर्मगुरू कोकणी कोशकार होता आणि आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कसे शिरले यावरचा त्याचा ग्रंथ १९१३ साली निघाला. बाजारात आणि स्वयंपाकघरात कानावर पडणाऱ्या शब्दांकडे इतक्या गांभीर्यानं पाहणारे अभ्यासक आपल्याकडे थोडे झाले.

बाजारातली, स्वयंपाकघरातली ही नावं आता झपाट्यानं एकसारखी होत चालली आहेत. मॉलमधल्या पाटीवर वरई आणि भगर यांतलं एकच नाव उरतं. जाम म्हणणारी मुलं शहरात आली की पेरू म्हणू लागतात. तुमच्या घरी, तुमच्या गावी भाजी, फळ, कंद, उपासाचा एखादा पदार्थ यांना वेगळं नाव असेल, तर ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्या आणि गाव, तालुका, कोण म्हणत असे, हे सगळं लिहून ठेवा. कोशात सगळं आलेलं नाही.