कराची ते जुहू : एका अंतराची हकीकत



विमानाच्या प्रवासावर बोलायला हमालांच्या युनियनचा माणूस कशाला उभा केला, असे काहींच्या मनात आले असेल. याचे कारण एक बैलगाडी आहे. बैल म्हटले की देवणीकर कान टवकारतात, हे मला ठाऊक आहे.

तारीख 15 ऑक्टोबर 1932. इम्पीरियल एअरवेजने विलायतेहून आणलेले टपाल कराचीहून पुढे मुंबईला पोचवण्याचे काम टाटांनी पत्करले होते. सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी जे. आर. डी. टाटा ड्रिग रोड विमानतळावरून 'पस मॉथ' जातीचे एका इंजिनाचे विमान घेऊन निघाले. जवळ बिनतारी यंत्र नाही. टपाल अवघे 55 पौंड. बाजार समितीतला आमचा हमाल याच्या चौपट वजनाचे पोते पाठीवर घेतो.

कराची ते मुंबई सरळ रेघेने सुमारे 870 किलोमीटर. पण पेट्रोलसाठी अहमदाबादला उतरायचे होते, म्हणून वाट हजारावर गेली. आणि अहमदाबादला ते पेट्रोल आले बर्मा शेलच्या बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत! दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी विमान जुहूच्या मैदानावर टेकले. तेथून नेव्हिल विन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल घेऊन गेले.

सव्वासात तास, असे पुस्तकांत लिहिलेले असते. हिशेब बरोबर आहे. मात्र गाडीवानाने बैल जुंपले, डबे चढवले, उतरवले, त्याचे तास या सव्वासातांत नाहीत. आम्हां युनियनवाल्यांना ही खोडच आहे. कोणी वेळ सांगितला की तो कोणाचा, असे आम्ही विचारतो. खुद्द टाटांनी मात्र त्या दिवसांची आठवण सांगताना ताडाच्या पानांनी शाकारलेली शेड आणि दोन शिकाऊ मेकॅनिक हेही मोजले आहेत. मालक असूनही मोजले, हे मी नोंदवून ठेवतो. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा विमाने पुण्याहून चालत.

पन्नास वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78व्या वर्षी टाटांनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. दोनच महिन्यांपूर्वी आपला लातूर जिल्हा जन्मला होता. मधल्या काळात 1947 साली कराची परदेशात गेली होती, तरी वाट उघडी होती.

पुढे विमाने जेटची झाली आणि हे अंतर दीड-दोन तासांचे झाले. मग कराची-मुंबई थेट सेवा थांबली. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. सरळ रेघ अजून 870 किलोमीटरचीच आहे. पण दुबईवरून वळसा घेतला तर तीन हजारांहून अधिक किलोमीटर पडतात, आणि दुबईच्या तळावर पुढल्या विमानाची वाट पाहावी लागते ती वेगळीच. पस मॉथचे सव्वासात तास त्यात सहज बसून जातील, अहमदाबादच्या बैलगाडीसकट.