दाखल-खारीज आणि शाळेचं माहेरपण

मंडळी, अलीकडे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत एक नवा सण साजरा होऊ लागला आहे. पंचांगात तो सापडायचा नाही. ‘दहावीच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा’ असं त्याचं नाव. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेली मुलं पुन्हा त्याच वर्गात जमतात. घंटा होते, प्रार्थना होते, मग एखादे निवृत्त सर हजेरी घेतात. टक्कल पडलेले, चाळिशीचे चष्मे लावलेले गृहस्थ ‘हजर सर’ म्हणतात आणि सगळा वर्ग हसतो. गुरुजनांना शाल-श्रीफळ, वारलेल्या सोबत्यांना श्रद्धांजली, शाळेला एखादा पंखा नाहीतर पाण्याची टाकी, जेवण आणि फोटो. शाळा कोणतीही असो, क्रम साधारण हाच.

पस्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे मला अशी निमंत्रणं येतात आणि मी आवडीने जातो. पण इतिहास शिकवण्याची सवय काही जात नाही. हा सण आला कुठून, हा प्रश्न मनात येतोच.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, असा मेळावा नव्हता. होतं ते गॅदरिंग. स्नेहसंमेलन हा शब्द पत्रिकेवर छापायचा, बोलताना सगळे गॅदरिंगच म्हणायचे. डिसेंबर-जानेवारीत ते भरे. चादरी जोडून पडदा, पेट्रोमॅक्सचा उजेड, एक ऐतिहासिक नाटक, लेझीम, भिंतीवर हस्तलिखित, आणि शेवटच्या दिवशी रोडगे नि वांग्याच्या भाजीची पंगत. गावातले जुने विद्यार्थी त्यात असतच. कोणी घरचा शालू नाटकाला देई, कोणी रोडग्यांसाठी गोवऱ्या आणून टाकी. त्यांना वेगळं बोलवावं लागत नसे, कारण शिकून लांब गेलेले फारच थोडे होते.

माजी विद्यार्थी व्हायला आधी शाळा तर हवी! आमच्या जिल्ह्यात कापसासाठी आगगाडी लवकर आली. जलंब ते खामगाव हा फाटा १८७० सालचा. कापूस मुंबईला गेला, तिथून विलायतेला गेला, पण खेड्यातल्या पोराच्या दारात हायस्कूल यायला पुढे ऐंशी-नव्वद वर्षं लागली. तोवर हायस्कुलं ती बुलढाणा, खामगाव, मलकापूर अशा मोठ्या गावांत. बुलढाण्यात तर ‘एडेड हायस्कूल’ याच नावाची शाळा आहे. अनुदानाचा इंग्रजी शब्द तिच्या नावात असा मुरला आहे की आता कोणाला तो इंग्रजी वाटतही नाही. खामगावची टिळक राष्ट्रीय शाळा असहकाराच्या काळातली. पंधे गुरुजींमुळे तिथे चित्र-शिल्पाची परंपरा रुजली.

खेड्यातल्या मुलासाठी खरी अडचण होती ती राहण्या-जेवणाची. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. पुढे त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा वऱ्हाडभर निघाल्या, आमच्या जिल्ह्यातही निघाल्या. २७ डिसेंबर ही भाऊसाहेबांची जयंती. त्या शाळांत तिची मिरवणूक गॅदरिंगइतकीच मोठी. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ईबीसीची सवलत आली आणि गरीब पालकांच्या मुलांची फी माफ झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. मग कुठे खेड्यापाड्यांतून हायस्कुलं उभी राहिली. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि ‘दहावीची बॅच’ हा शब्द तिथून पुढचा.

या बॅचची मुलं पुढे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत अशी पांगली. त्यांना पुन्हा जोडलं ते हातातल्या फोनने. व्हॉट्सॲप निघालं २००९ मध्ये. ते खेड्यात पोचलं तशी प्रत्येक बॅचची फळी तयार झाली आणि मेळावे सुरू झाले.

अमेरिकेतल्या माझ्या भाचीने सांगितलं, “मामा, हे तर आमच्याकडचं होमकमिंग!” मी थोडं वाचलं. तिकडे मिसुरी विद्यापीठात १९११ साली फुटबॉलच्या सामन्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांना ‘घरी या’ असं आवाहन केलं गेलं. त्याआधीच आम्ही असं केलं, असा दावा आणखी एक-दोन विद्यापीठं करतात. पुढे ही चाल हायस्कुलांत गेली. त्यांच्या सणाच्या मध्यभागी सामना असतो. आपल्या सणाच्या मध्यभागी काय असतं? मला वाटतं, हजेरी. आपलं नाव पुन्हा एकदा सरांच्या तोंडून ऐकणं.

आणि इथेच माझी शंका सुरू होते. हजेरी नेमकी कोणाची घेतली जाते?

मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून होते. पण शाळेची खरी यादी दाखल-खारीज रजिस्टरात असते. लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, खारीज झाल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण. ‘सतत गैरहजर’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘नापास’. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या शाळांची ही रजिस्टरं धूळ झटकून उघडली गेली. लोक आजोबांचं नाव आणि जात शोधत होते. शेवटचा रकाना वाचायला कोणाला सवड होती?

तो रकाना म्हणजे आमच्या भागाचा इतिहास आहे. पाचवीत आम्ही बाकांच्या तीन रांगा भरून बसायचो, मॅट्रिकला एक रांगही पुरती भरत नव्हती. मुलं कापूस वेचायला, गुरांमागे गेली. मुली सातवी-आठवीत घरी बसल्या आणि दोन वर्षांत सासरी गेल्या. ऐंशीच्या दशकात शासनाने मुलींचं शिक्षण मोफत केलं, त्यानंतर चित्र हळूहळू बदललं. पण ‘पालकांच्या विनंतीवरून’ या शब्दांमागे मुलीची विनंती काय होती, ते कोणत्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ, फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची. तिच्या वर्गाचा मेळावा नुकताच झाला होता. मी सहज विचारलं, “तू दिसली नाहीस गं?” ती हसून म्हणाली, “मले कोन बोलावते सर? मी तं आठवीतूनच घरी बसली.” तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. न बोलावणंच रास्त आहे असं तिला वाटत होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

बोलावणाऱ्या मुलांचाही दोष नाही. त्यांच्या ग्रुपमध्ये ती नव्हती, दहावीच्या फोटोतही नव्हती. पण आपण शाळेला आई म्हणतो ना? मग हा मेळावा म्हणजे माहेरपण झालं. आणि माहेरी लेकीला बोलावताना कोणी तिचे मार्क विचारत नाही.

म्हणून मेळावा ठरवायला येणाऱ्या मुलांना मी आता एकच गोष्ट सांगतो. दहावी कधी झालात ते सोडा, पाचवीत दाखल कधी झालात ते धरा. मुख्याध्यापकांना विनंती करा, त्या वर्षीची नावं उतरवून घ्या आणि एकेकाचा शोध घ्या. गेल्या उन्हाळ्यात एका वर्गाने हे केलं. नेहमीपेक्षा गर्दी जास्त झाली. काही जण आलेच नाहीत, काहींना भाड्याचे पैसे सोबत्यांनी गुपचूप दिले. सातवीत शाळा सोडून ट्रॅक्टर चालवणारा एक जण मागच्या बाकावर अवघडून बसला होता. मी त्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट पुकारलं. तो उभा राहिला, काही बोलला नाही, नुसता हात वर केला.

हजेरीत मी त्याच्यापुढे ‘ह’ लिहिला. तुमच्याकडे कुठे मेळावा ठरत असेल, तर मंडळी, आधी शाळेतलं ते जाड रजिस्टर एकदा उघडून बघा.