झाडाखालचा गुत्ता : नांदेड-लातूर भागातील मद्यव्यवसायाचा पूर्वेतिहास

मद्य जेथे तयार होते तेथेच ते पिणाऱ्याच्या पेल्यात पडावे, ही व्यवस्था युरोपातील काही शहरांत शतकानुशतके एकाच वास्तूत टिकून राहिली असून प्रागमधील ‘उ फ्लेकू’ ही बिअरशाळा आपली परंपरा १४९९ पासूनची असल्याचे सांगते. आपल्याच आवारात बिअर आंबवून तेथेच विकणाऱ्या अशा जागेला ब्रूपब म्हणतात आणि महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात निघालेली ‘डूलाली’ ही या प्रकारातील अगदी आरंभीची जागा होय. नांदेड आणि लातूर या शहरांत जुन्या वास्तूंची उणीव नाही. परंतु सोळा रस्ते जिच्याशी येऊन मिळतात ती लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये उभी राहिली ती बाजारपेठेसाठी, आणि मद्याच्या धंद्याचा माग काढायचा झाल्यास तो अशा वास्तूंपेक्षा ओढ्याकाठच्या शिंदीबनांत आणि निजामाच्या महसुली दप्तरात काढावा लागतो. या भागात उत्पादन आणि विक्री एकत्र आणणारी जागा इमारतीच्या नव्हे, झाडाच्या आश्रयाने वाढली.

तेलंगणाला लागून असलेल्या आजच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत शिंदी आणि ताड ही दोन्ही झाडे आढळतात. शिंदीचा हंगाम मुख्यतः थंडीचा. झाड छेदणारा कमरेला दोराचा फास बांधून वर चढतो, शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या उतरवतो, उघड्या पडलेल्या कोवळ्या खोडाचा पृष्ठभाग धारदार कोयत्याने तासतो आणि त्याच्या खालच्या टोकाशी पन्हळीसारखी काडी खोचून तिच्याखाली मडके बांधतो. पुढच्या हंगामी हा छेद उलट बाजूला घेतला जात असल्याने जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि त्यावरच्या खाचा मोजल्या की झाड किती वेळा छेदले गेले ते समजते. पहाटे उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की मडक्यातील आणि हवेतील किण्वामुळे तो आपोआप आंबू लागतो, काही तासांत बिअरइतपत चढणारी शिंदी होते आणि तशीच राहू दिल्यास दुसऱ्या दिवशी तिचा आंबट शिरका होतो. म्हणजे येथे मडके हीच मद्यशाळा होती. साठवता न येणारा आणि बैलगाडीने फार दूर नेता न येणारा हा माल असल्यामुळे त्याचे दुकान झाडांपासून काही तासांच्या अंतरातच असावे लागे, आणि शिंदीखाना म्हणून जी जागा ओळखली जाई ती बहुधा गावाबाहेरची एखादी झोपडी किंवा मांडव असे, जिचे अवशेष आज कोणी जपून ठेवील असे नाही.

हा भाग तेव्हा ज्यात मोडे त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात मादक पदार्थांवरील कराला आबकारी म्हणत आणि जमीन महसुलाच्या खालोखाल उत्पन्न देणाऱ्या बाबींत तिची गणना होई. विक्रीचा हक्क लिलावाने दिला जाई. या मक्त्याला गुत्ता आणि तो घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणत. फसली १३१६ चा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमाराचा, आबकारी कायदा हा या व्यवहाराचा आधार होता (फसली हे निजामी राज्यातील महसुली वर्ष, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो). प्रत्येक झाडामागे कर होता, आणि झाड शेतकऱ्याच्या पट्ट्याच्या जमिनीत उभे असले तरी त्याच्या रसावर हक्क सरकारचा मानला जाई. जमीनमालकाच्या वाट्याला ‘हक्क-ए-मालिकाना’ नावाची भरपाई येई. स्वतःच्या बांधावरचे झाड स्वतःला छेदता न येणे ही गोष्ट कुणब्याला कशी वाटत असेल, हे सांगण्याची गरज नाही.

मोहाच्या दारूची कथा थोडी वेगळी आहे. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या किनवटच्या जंगलात चैत्राच्या सुमारास गळणारी मोहफुले वाळवून, पाण्यात आंबवून, मातीच्या भट्टीवर त्यांचा अर्क काढला जाई. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच बंधने आली. संस्थानात त्याऐवजी दारू गाळण्याचे काम हैदराबादच्या नारायणगुडा येथील डिस्टिलरीसारख्या मोठ्या कारखान्यांकडे सरकत गेले. गाळणे एकीकडे आणि विकणे दुसरीकडे अशी फारकत या मार्गाने झाली. शिंदीबाबत ती करणे सरकारलाही शक्य नव्हते.

सरकारचे उत्पन्न असे झाडालाच बांधलेले राहिल्याने शिंदीचे झाड राजकारणात आले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतीय संघराज्यात सामील होण्यासाठी आंदोलन पुकारले तेव्हा करोडगिरी नाके, म्हणजे संस्थानाच्या सीमेवरील जकातीची ठाणी, उद्ध्वस्त करण्याबरोबरच शिंदीची झाडे तोडणे हाही लढ्याचा भाग बनला. संस्थानाच्या उत्पन्नावर घाव घालणे हा त्यामागचा हेतू होता, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर झालेला हल्लाही पैशाच्या याच आघाडीवरचा होता. नैतिक मद्यविरोध आणि खजिन्याची नाकेबंदी या दोन भूमिका येथे इतक्या मिसळल्या होत्या की त्यांना वेगळे काढणे फारसे फलदायी नाही. मात्र ज्या झाडाच्या पातींपासून फडे आणि केरसुण्या बांधल्या जात, आणि दिवाळीत लक्ष्मी म्हणून घरोघरी जिची पूजा होई ती केरसुणी ज्याच्यामुळे मिळे, तेच झाड सरकारी उत्पन्नाचे प्रतीक ठरल्याने कुऱ्हाडीखाली गेले, हे त्या काळच्या इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिले आहे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान संपले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा या भागालाही लागू झाला. गुत्ता गेला आणि त्याची जागा हातभट्टीने घेतली. काळा गूळ आणि नवसागर यांच्या रसायनात झाडाचा संबंध उरला नाही. पुढे दारूबंदी शिथिल झाल्यावर परवानाधारक देशी दारूची दुकाने आली, त्यांचा माल दूरच्या कारखान्यांतून बाटल्यांत भरून येऊ लागला, आणि धर्माबादजवळ बाळापूर येथे धान्यापासून मद्यार्क बनवणारा पायोनिअर डिस्टिलरीज हा कारखाना उभा राहिला तरी त्याच्या मद्यार्काला गावाच्या नावाची ओळख मिळाली नाही.

बिअरचा कारखाना हे या कोरडवाहू प्रदेशातील वेगळेच प्रकरण होय, कारण शिंदीला झाडाच्या मुळांपलीकडे पाणी लागत नसे, तर एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्ची पडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मे महिन्यापासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला; इतर उद्योगांना लावलेली कपात याहून बरीच कमी होती.