नकाशा नसलेला वाडा

नारायण पेठेतल्या या वाड्याचा नकाशा कुठेच मिळाला नाही. मिळकत पत्रिकेवर मालकाचं नाव आणि क्षेत्रफळ, बास. पेशवे दप्तरात मोठ्यांच्या वाड्यांचे हिशेब सापडतात, पण असल्या मध्यम घराचं कोण लिहून ठेवतो? मग टेप घेऊन आम्ही वाडाच वाचायला बसलो. वाडा खणांत मोजायचा, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. इथे मात्र माजघरात, खण मध्येच तोडून, फळ्यांची भिंत! विद्यार्थी म्हणाले, ही नंतरची, ड्रॉइंगमधून काढून टाकू. आम्ही म्हटलं, थांबा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि एकेका वाड्यात बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. घरोघरचे कागदही त्यात गेले. भाडेकरूंचा पुरावा उरला तो इथेच: ही भिंत, जिन्याखालची मोरी, ओळीनं लावलेले वीजमीटर. आणि वाडा आता पाडायला निघालाय. म्हणून नकाशे दोन काढले, एक मूळच्या घराचा (परीक्षकांना हाच आवडतो), दुसरा सगळ्या बिऱ्हाडांच्या चुलींसकट. दुसऱ्याला दुप्पट वेळ लागला.