शाळेने नाकारलेले दोघे

नृत्यशाळेवरच्या तरुणांच्या मालिका पुढे पुष्कळ आल्या. पण त्यांची वाट पाडली ती 'फेम'ने. अ‍ॅलन पार्करचा चित्रपट १९८० सालचा. त्यावरून निघालेली मालिका अमेरिकेत १९८२ ते १९८७ चालली. ब्रिटनमधल्या पोरांनाही तिने चांगलेच वेड लावले.

गोष्टीमागची शाळा खरी. न्यूयॉर्कमध्ये ४६ व्या रस्त्यावर होती, सरकारी, बिनफीची. प्रवेश मात्र चाचणी देऊनच. अर्धा दिवस गणित, इतिहास वगैरे आणि अर्धा दिवस नाच, नाटक किंवा संगीत. आपल्या गोव्यात नाच म्हणजे शाळा सुटल्यावरची संध्याकाळ. तिथे तो वेळापत्रकातच होता! पडद्यावर गणिताचा तास फारसा दिसत नाही, हे सांगायला नकोच. चित्रपटाची पटकथा वाचून तिथल्या शिक्षण मंडळाने शाळेत चित्रीकरण करायला परवानगीच नाकारली होती.

मला यात खरा रस आहे तो दोन माणसांमुळे. चित्रपटातला लेरॉय मैत्रिणीला सोबत म्हणून चाचणीला येतो. ती राहते बाजूला आणि निवड होते याची. त्याला धड वाचता येत नाही, तरी शाळा त्याला सांभाळून घेते. हे काम केले हार्लेमच्या जीन अँथनी रे याने, चित्रपटात आणि मालिकेतही. गंमत म्हणजे रे त्याच खऱ्या शाळेत होता. तिथली शिस्त त्याला मानवली नाही आणि वर्षभरातच त्याला बाहेर पडावे लागले.

दुसरी डेबी अ‍ॅलन. मालिकेत घाम गाळायला लावणारी नृत्यशिक्षिका लिडिया ग्रँट ती हीच. वर्णभेदाच्या काळातल्या टेक्सासमध्ये वाढलेली ही काळी मुलगी. बारा वर्षांची असताना ह्यूस्टनच्या बॅले शाळेने तिला प्रवेश नाकारला. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या कलाशाळेने अंगकाठी बॅलेला योग्य नाही असे सांगून परत पाठवले. त्याच अ‍ॅलनला 'फेम'मधल्या नृत्यरचनेसाठी एमी पारितोषिके मिळाली.

म्हणजे जगभरच्या पोरांनी नृत्यशाळेचा चेहरा म्हणून जे दोघे ओळखले, त्यांना खऱ्या शाळांनी दार लावून घेतले होते. मालिकेच्या लेखकांनी हाच विषय घेतला असता तर नाचगाण्यापलीकडचे काही हाती लागले असते, असे मला राहून राहून वाटते.

असो. अ‍ॅलनने २००१ साली लॉस एंजेलिसमध्ये स्वतःची नृत्यशाळा काढली. रे २००३ साली गेला, अवघ्या ४१ व्या वर्षी. मृत्युलेखांत त्याच्या नावाशेजारी लेरॉय हे नाव होतेच.